डावीकडचे आकडे

शमीम आपांनी माझा उजवा हात वाचवला. हे आधीच लिहून टाकते. मला काही सांगायचं म्हटलं की मी भीत भीत लांबून सुरुवात करते, आणि ज्या माणसाचं नाव पहिलं यायला पाहिजे तेच राहून जातं. तसं व्हायला नको. जालन्यात मस्तगडला आपांचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. पुढं कॉम्प्युटर, मागं त्यांचे यजमान रफिकभाई यांचं छपाईचं टेबल, आणि मधे पत्रिकांचे गठ्ठे: गणपतीचे, बुद्धाचे, बिस्मिल्लाचे, एकावर एक. त्या दुकानात मी टायपिंग करायचे.

नुकताच पाडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी आपांचा फोन आला. "सुरेखा, चालू झालं बघ गे." एवढंच. काय चालू झालं ते विचारावं लागत न्हाई, लगीनसराईचं काम. मी आता लांज्याला राहते, कोकणात. आमचे हे एसटीत कंडक्टर, त्यांची नेमणूक इकडची. इथं खिडकीबाहेर फणस खोडाला चिकटून बसलेत, हवा अशी दमट की मिठाची बरणी उघडी राहिली तर पाणी सुटतं. आणि फोनमध्ये आपांच्या मागं जालन्याचा कूलर घरघरत होता. नुसत्या त्या घरघरीवर माझ्या नाकात वाळ्याचा वास आला. नवा वाळा भरलेल्या कूलरचा पहिल्या दिवशीचा वास, त्यात मागच्या टेबलावरच्या शाईचा आणि थिनरचा उग्र वास मिसळलेला. कुणाला तो सहन होणार न्हाई. मला मात्र त्या वासात एक अख्खी लगीनसराई दिसते, जिच्यात मला वाटलं होतं की आता आपलं संपलं.

माझं गाव आष्टीच्या पुढं. आठवीपर्यंत शाळा झाली, मंग सुटली. त्यात सांगण्यासारखं काही न्हाई, पुष्कळांची सुटते. पण सुटलेली शाळा माणसाच्या मागं मागं चालत राहते. कुठंही काम विचारायला गेलं की पहिला प्रश्न तोच, आणि उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा दुकानाच्या शटरसारखा खाली येतो. लग्न झालं, हे कोकणात गेले. तिकडं नीट खोली मिळेपर्यंत मी जालन्यात राहायचं ठरलं आणि आपांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली. आपल्या गावापासून तुटलेली, नवऱ्यापासून लांब, दिवसभर करायला काही न्हाई. मला भ्यायला तसंही कारण लागत न्हाई. कुलूप लावलं की परत येऊन ओढून बघायचं, गॅस बंद केला की परत हात लावून बघायचा. खालून दिवसभर खटखट खटखट आवाज यायचा. एक दिवस जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून बघत होते, तर आपा मान न वळवता म्हणाल्या, "उभी का? बस इथं. बोटं किती हायेत तुला?"

"दहा."

"मंग झालं की शिक्षण."

असं ते काम मिळालं. आठवी कुणी विचारली न्हाई.

लोक पत्रिकेचा मजकूर कशावरही लिहून आणतात. वहीच्या पानावर, बियाण्याच्या पिशवीच्या मागं, औषधाच्या चपट्या केलेल्या खोक्यावर. छापलेलं मला चांगलं वाचता येतं, पण हातानं लिहिलेलं आलं की अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायला लागतात. म्हणून आपा वाचायच्या आणि मी टाईप करायचे. आपा अंबडच्या, मराठी शाळेत शिकलेल्या. घरी त्यांचं बोलणं उर्दू-हिंदीतलं, पण कुणाच्याही वाकड्यातिकड्या अक्षरातनं गावाचं नाव बराबर काढायच्या. यातनं आमची एक रीत पडून गेली. शब्द संपला की मी खालची लांब पट्टी दाबायचे, तिचा 'धप्प' असा आवाज व्हायचा. तो आला की आपा पुढचा शब्द सोडायच्या. माझ्याकडं बघायच्या न्हाईत, पडद्याकडं बघायच्या न्हाईत. त्यांचे डोळे कागदावर आणि कान माझ्या पट्टीवर. 'चि. सौ. कां.', धप्प, 'यांचा', धप्प, 'शुभविवाह', धप्प. मी अडखळले तर त्या थांबायच्या. मी सुटले की त्या सुटायच्या. बाहेरनं बघणाऱ्याला वाटावं दोघी मिळून काहीतरी कांडायला बसल्यात.

दुकानातला कीबोर्ड रफिकभाईंनी पहिल्या कॉम्प्युटरबरोबर घेतलेला. लांबलचक, वरवंट्याच्या पाट्यासारखा जड, बटणं पिवळी पडलेली. प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग, म्हणून प्रत्येक बटण बोलायचं. मेकॅनिकल म्हणतात त्याला, हा शब्द मला नंतर कळला. आम्ही त्याला खटारा म्हणायचो. आणि आमचा फाँट जुना. पत्रिकावाले तोच धरून बसलेत, कारण त्याच्या अक्षराला जो डौल आहे तो नव्याला न्हाई, असं रफिकभाईंचं म्हणणं. पण त्या फाँटातली सगळी अक्षरं बटणांवर मावत न्हाईत. काही जोडाक्षरांसाठी ऑल्टचं बटण दाबून धरायचं आणि कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांचा जो वेगळा चौकोन असतो, त्यातनं ठरलेले आकडे मारायचे. आकडे सोडले की अक्षर उमटतं. वरच्या ओळीतही आकडे असतात, पण ते इथं चालत न्हाईत. उजवीकडच्या चौकोनातलेच लागतात.

आपांनी ते आकडे मला पाढ्यासारखे म्हणायला लावले. मेथी निवडता निवडता मधेच विचारायच्या, "द्ध?" मी आकडे सांगायचे. "ह्य?" तेही सांगायचे. "शाब्बास. माझ्या पोरांनी सातचा पाढा इतक्या जल्दी न्हाई म्हटला." मी मेथीकडं बघत हसायचे. शाळेत कुणी शाब्बास म्हटल्याचं मला आठवत न्हाई. म्हटलं असंल, पण ते आठवत न्हाई.

दुखणं कधी सुरू झालं ते सांगता येत न्हाई. पत्रिकेच्या कामात हात सारखा माऊसवर जातो. वेल सरकव, कलश मधोमध आण, कुलदैवताचं नाव एका ओळीत बसव. आमचं टेबल अडचणीचं, त्यात खटारा एवढा लांब की आकड्यांचा चौकोन संपल्यावर कुठं माऊसला जागा मिळायची. म्हणजे दिवसभर उजवा हात कुणीतरी बाहेरनं ओढून धरल्यासारखा लांब. आधी खांद्यात कळ यायची. मंग ती कोपरापर्यंत उतरली. मंग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. भाकरी थापताना पिठाचा गारवा तीन बोटांना लागायचा, दोनांना न्हाई. मी कुणाला बोलले न्हाई. बोललं की खरं होतं, असं मला वाटतं. पण एका दुपारी रफिकभाईंनी पुढं केलेला चहाचा कप माझ्या हातातनं सुटला आणि गणपतीच्या गठ्ठ्यावर सांडला. मी गठ्ठा पुसायला लागले. आपांनी गठ्ठ्याकडं बघितलंच न्हाई, माझा हात धरला आणि करंगळीला चिमटा काढला.

"लागला?"

"हो."

"झूट. मी नखानं घेतला, तू पापणी न्हाई हलवली."

त्याच दिवशी त्या मला डॉक्टरकडं घेऊन गेल्या. डॉक्टरनं मान बघितली, खांदा फिरवून बघितला आणि सांगितलं, हात असा लांब ठेवून काम करणं बंद करा, न्हाईतर हे बधिरपण जायचं न्हाई. त्यांचं बरोबर होतं. पण ऐन लगीनसराईत मी रिक्षात बसून एवढंच समजत होते की काम बंद म्हणजे मी परत गावाला. परत 'शिक्षण किती' पासून सुरुवात. आणि जी दहा बोटं हेच माझं शिक्षण होतं, त्यातली दोन गेलेली.   उतरताना आपा म्हणाल्या, "उद्या जिना उतरून ये. न्हाई आली तर मी वर येते, आणि माझे गुडघे दुखतात, याद रख."

दुसऱ्या दिवशी आपांनी माऊस उचलून डावीकडं ठेवला. आपा स्वतः डावखुऱ्या. त्यांचा माऊस कायम डावीकडंच, म्हणून इतकी वर्षं त्याच खटाऱ्यावर काढून त्यांचा खांदा शाबूत. "असं कर. मला कुठं काय होतं?" मी केलं. बाण पडद्यावर भलतीकडंच पळायचा, दारू प्यायल्यासारखा. नवरीच्या नावावर ठेवायला गेले तर बँडवाल्याच्या जाहिरातीवर. अर्ध्या दिवसात एक पत्रिका झाली न्हाई. बाहेर बाकावर गिऱ्हाईक ताटकळत बसलेलं. शेवटी आपांनीच हात टेकले. "नक्को. तुझा डावा हात अजून शाळेतच गेला न्हाई."

मंग गजानन आला. तो आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करून द्यायचा. त्यानं मोटरसायकलच्या डिकीतनं दोन खोके काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी दोन कीबोर्ड मांडले. दोन्ही मेकॅनिकल. एक आपल्या खटाऱ्याचा नवा भाऊ, तेवढाच लांब, सगळी बटणं जिथल्या तिथं. दुसरा एवढासा, जेवणाच्या डब्याएवढा. त्याला आकड्यांचा चौकोन न्हाई, बाणाची बटणं न्हाईत, काही न्हाई. जे लागतं ते दुसऱ्या बटणांच्या पोटात दडवलेलं, दोन मिळून दाबली की बाहेर येतं.

"आपा, आजकाल पोरं सगळी हाच छोटा घेऊन राह्यली," गजानन म्हणाला. "हात जवळ राहतो. माऊस बाजूलाच."

"आणि बाकीची बटणं?"

"ती कोणाला लागत्यात?"

"आवाज?"

"आवाजाचं टेन्शनच न्हाई. याच्यात एक सायलेंट बी येतो. शेजारच्याला कळायचं न्हाई तुम्ही काम करून राह्यले म्हणून."

आपांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, मला उलटं पायजे. आवाज न्हाई आला तर मला कसं कळल ही पोरगी कुठं पोचली?"

गजाननला हे काही उमगलं न्हाई. त्यानं आवाजवाला छोटा पुढं सरकवला. मी पट्टी दाबली. 'टक्' असा आवाज आला, धप्प न्हाई. कोवळा, पण कूलरच्या घरघरीतनं ऐकू येणारा. आपांनी डोळे मिटून पुन्हा दाबायला लावली. मंग मान हलवली. "चलेगा."

आज वाटतं, किती जल्दी ठरवलं आपण. एकीकडं सगळं असलेलं, सवयीचं, जड. दुसरीकडं सुटसुटीत, हाताला जवळ, पण काहीतरी वगळलेलं. त्या छोट्याकडं बघून मला स्वतःची आठवण आली, असं लिहायचा मोह होतो. तोही आठवीपर्यंतच, पुढचं कापलेलं. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला असलं काही सुचलं न्हाई. मी फक्त माऊसकडं बघत होते. तो माझ्या हाताच्या इतका जवळ होता की कोपर बरगडीला टेकलेलं राहत होतं, आणि खांदा, किती तरी दिवसांनी, आपल्या जागी बसला होता. मला रडू येईल की काय वाटलं, म्हणून मी उठून पाणी प्यायला गेले.

आकड्यांच्या चौकोनाशिवाय जोडाक्षरं निघायची न्हाईत हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं न्हाई. तसं रफिकभाईंनी वरच्या ओळीवर बोट ठेवून म्हटलंही होतं, "आकडे तर हायेत की वर." आणि आम्ही दोघींनी माना डोलावल्या होत्या. जे रोज हजारदा करायचो ते बोटांना पाठ होतं, डोक्याला न्हाई. पहिल्याच पत्रिकेत नवरदेवाच्या मामाचं नाव आलं, उद्धव. आपा म्हणाल्या, "उद्धव." मी 'उ' टाईप केला, ऑल्ट दाबला, आणि उजवा हात आकड्यांकडं गेला. तिथं टेबलाचं लाकूड होतं. हात तसाच लाकडावर राहिला. आपा वाट बघत होत्या. टक् काही येईना. त्यांनी कागदावरनं डोळे उचलले, माझा हात बघितला, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "या अल्ला."

वरच्या ओळीचे आकडे मारून बघितले. काही उमटलं न्हाई. दोन दोन बटणं दाबून बघितली. पडदा छोटा झाला, मोठा झाला, एकदा आडवा झाला. द्ध काही आला न्हाई.

रफिकभाईंना युक्ती सुचली. म्हणाले, आपल्याकडं छापलेल्या इतक्या पत्रिका हायेत, त्यातनं अक्षर उचलून आणायचं. ह्या लग्नातनं काढायचं, त्या लग्नात लावायचं. मला हात टेकून बसायला सांगितलं आणि स्वतः माऊस घेतला. दोन दिवस आमचं दुकान असं उसन्या अक्षरांवर चाललं. कुणाच्या हळदीतला ह्य, कुणाच्या साखरपुड्यातला श्र. रफिकभाई खूश. ज्यांनी आयुष्यभर शाईत हात घातले, ते आता अक्षरं चिमटीत धरल्यासारखी उचलत होते.

मंग प्रूफ वाचायची वेळ आली. नवरदेवाची आई अंबडकडच्या खेड्यातनं आलेली, पदर खोचून, पायातली वहाण पायरीवर काढून बाकावर बसली. आमच्याकडं छापण्याआधी आपा पूर्ण पत्रिका मोठ्यानं वाचून दाखवतात, घरचं माणूस समोर बसवून. हाच नियम. आपा वाचत गेल्या, बाई मान हलवत गेल्या. आजोबा झाले, चुलते झाले.

"'मामा, श्री. सिद्धेश्वर'..."

"थांबा. ह्यो कोन?"

"तुमचे भाऊ न्हाईत?"

"माझ्या भावाचं नाव उद्धव हाय. ह्यो सिद्धेश्वर कुनाचा मामा माझ्या लेकाला लावून राह्यले तुम्ही?"

रफिकभाई मागनं शाईचे हात घेऊन आले. त्यांच्या लक्षात आलं. जुन्या पत्रिकेतनं द्ध उचलताना त्यांनी अख्खा सिद्धेश्वर उचलून आणला होता.

"अक्का, राहू द्या की," ते म्हणाले. "दोन मामा, दोन आहेर."

"अन् माझा भाऊ मांडवात बसंल का? एक तर त्यो आधीच रुसलेला, मानपानावरनं. नाव न्हाई दिसलं तर मंगलाष्टकाला पोराच्या मागं उभा बी राहायचा न्हाई त्यो. सिद्धेश्वराला म्हनाव तूच ये मागं उभा राहायला!"

सगळं दुकान हसलं. बाकावर बसलेला दुसरा माणूसही हसला, ज्याच्या पत्रिकेची अजून सुरुवात व्हायची होती. बाईही शेवटी पदरात तोंड घालून हसल्या. प्रूफ कागदावरचंच होतं, छपाई झालेली नव्हती, नाव तिथल्या तिथं दुरुस्त झालं. पण मी हसता हसता ते प्रूफ परत पहिल्या ओळीपासून तपासायला लागले. आज मामा बदलला, उद्या नवरीचंच नाव बदललं तर? हे दुकान माणसांच्या नावावर चालतं. त्यात उसनी अक्षरं चालत न्हाईत. गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हटलं, "आपा, खटारा परत लावा. जेवढे दिवस हात चालंल तेवढे दिवस मी करते. न्हाईच चालला तर गावाला जाईन."

 आपा माझ्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि दोन्ही हात छोट्यावर ठेवले. मंग आपला डावा हात उचलून त्यांनी टेबलाच्या डाव्या बाजूला, मोकळ्या जागेत ठेवला. तिथं नुसतीच बोटं वाजवली, जणू काही तिथं बटणं आहेत. 

"ही आकड्यांची पेटी उजवीकडंच पायजे, हे कुणी ठरवलं गे?"

"म्हणजे?"

"ज्यानं बनवला तो उजवा असंल, म्हणून. लहानपणी डाव्या हातानं जेवले की अम्मी मारायची. साऱ्या जगानं माझ्यासाठी एक वस्तू सरळ न्हाई बनवली. कात्री उलटी, पळी उलटी. मंग मी काय उपाशी राह्यले?" त्यांनी गजाननला फोन लावला. "नुसते आकडे मिळतात का रे? बाकी काही नक्को. नुसते आकडे."

मिळतात, गजानन म्हणाला. लॅपटॉपवर हिशोब करणारे लावतात तसा सुटा तुकडा. "पण आपा, मोठा सोडून छोटा घेतला, आता छोट्याला तुकडा जोडायचा, मंग मोठाच काय वाईट होता?"

"तुला दुकान चालवायचं हाय का मला?" आपा म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

तो तुकडा आला. तळहाताएवढा, त्यालाही टकटक आवाज. आपांनी तो छोट्याच्या डावीकडं ठेवला. उजव्या अंगठ्यानं उजवीकडचा ऑल्ट धरायचा आणि डाव्या हातानं आकडे मारायचे. इतके दिवस जे उजव्या हाताला तोंडपाठ होतं, ते डाव्याला काहीच ठाऊक नव्हतं. एका अंगात दोन परके. पुन्हा पाढे सुरू झाले, पण ह्यावेळी आपा शेजारी बसून स्वतःचा डावा हात माझ्या डाव्याच्या वर धरायच्या, न टेकवता, सावलीसारखा. दुपारी वीज जायची. कूलर थांबायचा, पडदा काळा व्हायचा, गल्लीतनं टरबूजवाल्याची हाळी यायची, आणि आम्ही दोघी बंद कॉम्प्युटरपुढं बसून आकडे मारत राहायचो. टक टक टक. "द्ध?" टक टक टक टक. "बराबर." काही उमटत नव्हतं, तरी बराबर हे त्यांना आवाजावरनं कळायचं.

वीज आली आणि पहिला द्ध माझ्या डाव्या हातानं पडद्यावर उमटला, तेव्हा मी ओरडलेच. रफिकभाई धावत आले, त्यांना वाटलं शॉक लागला.

त्या सराईत मी वर जाऊन सामान बांधलं न्हाई आणि गावाला गेले न्हाई, एवढंच सांगायचं आहे. हात लगेच बरा झाला असं न्हाई. उन्हाळा तापत गेला, डॉक्टरनं सांगितलेले खांद्याचे व्यायाम मी दाराआड करायचे, रोज करंगळीला चिमटा काढून बघायचे, आणि रोज काही न लागल्यानं पुन्हा भ्यायचे. मंग एका सकाळी लसूण सोलत होते. पाकळीचं ते पातळ साल बोटाला चिकटलं, झटकलं तरी जाईना, आणि मला राग आला. राग आल्यावर ध्यानात आलं, साल करंगळीला चिकटलं होतं. मला ते लागत होतं. मी तशीच, ओले हात घेऊन, खाली गेले. आपा सकाळची झाडलोट करत होत्या. मी हात पुढं केला. त्यांनी काही न विचारता करकचून चिमटा काढला. मी "आई गं" म्हणाले. त्या हसल्या आणि परत झाडायला लागल्या. "चल, आता नाटक बस झालं. गठ्ठे मोज."

इथं लांज्याला खालच्या मजल्यावरची एक मुलगी टायपिंगची परीक्षा देणार आहे. परवा तिनं मला विचारलं, काकू, छोटा कीबोर्ड घेऊ की मोठा? तिला वाटलं मी एका शब्दात सांगेन. मी तिला म्हटलं, आधी दोन दिवस नुसतं बघ, तुझा हात कुठं कुठं जातो. जिथं जातो तिथं वस्तू यायला पाहिजे. आणि ज्यानं विकायला आणलंय त्याला विचारू नकोस की बाकीची बटणं कुणाला लागतात. ती गोंधळून गेली. मोठा वाईट न्हाई. ज्याला दिवसभर आकडेच मारायचेत, त्यानं मोठा घ्यावा. छोटा चांगलाच असंही न्हाई. माझ्या हाताचं उत्तर निघालं ते दोन्हींत नव्हतं, मधेच कुठंतरी होतं, एका बाईच्या डाव्या बाजूला. ते दुकानात मांडलेलं दिसत न्हाई.

हे मला न्यायला आले तेव्हा आपांनी छोटा आणि त्याचा तुकडा दोन्ही माझ्या बॅगेत साड्यांच्या घडीत ठेवून दिले. मी नको म्हटलं. मला वाटलं, आता संपलंच की काम, लांज्यात बसून मी कुणाच्या पत्रिका करणार. आपा म्हणाल्या, "फोन हाय ना? मी वाचते, तू टाईप कर. आवाज फोनमधनं येतोच की." मी हसण्यावारी नेलं होतं. पण यांनी इथं एक जुना कॉम्प्युटर घेऊन दिला आणि तेच खरं झालं. त्या मस्तगडला कागद घेऊन बसतात, मी इथं फोन कीबोर्डच्या अगदी शेजारी उभा करून ठेवते. 'आमचे येथे', टक्, 'कुलस्वामिनीच्या', टक्, 'कृपेने', टक्. इकडं पाऊस असला की पत्र्यावरच्या आवाजात त्यांना टक् ऐकू येत न्हाई, मंग मी फोन ओच्यात घेऊन बसते. झालेली पत्रिका मोबाईलवरनं जाते आणि संध्याकाळी रफिकभाईंच्या टेबलावर शाईत उतरते. कधी कधी मला मध्यरात्री जाग येते आणि मी करंगळी चोळून बघते. लागते. मंग झोप लागते. एवढी मोठी गोष्ट एवढ्याशा बोटात असते, हे ज्याचं जाऊन परत आलंय त्यालाच कळेल.

काल फोनवर काम संपल्यावर आपा सहज बोलून गेल्या. अंबडला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं बघणं चाललंय, बहुतेक पुढच्या उन्हाळ्यात उरकतील. "मी काय, निकाहला जाईन आणि शेवटच्या गाडीनं परत येईन. सीझनमध्ये दुकान कोण बघल?" सहज म्हणाल्या, पण मला ते सहज गेलं न्हाई. साऱ्या जिल्ह्याच्या लग्नांची नावं ज्यांच्या तोंडातनं जातात, त्या स्वतःच्या माहेरच्या एकाही लग्नात पोटभर बसल्या न्हाईत. लग्नं उन्हाळ्यातच होतात, आणि उन्हाळ्यात त्या खुर्चीत असतात.

मी अलीकडं एक सुरू केलंय, आपांना सांगितलं न्हाई. त्या मजकुराचा फोटो पाठवतात, तो मी त्यांचा फोन यायच्या आधी एकटीच वाचते. मोठ्यानं. अक्षरं अजून हलतात, पण आधीइतकी न्हाई. काल एका बियाण्याच्या पिशवीवरचं सगळं वाचलं, दोन गावं सोडून. आपांनी वाचलं तेव्हा ताडून पाहिलं, बराबर होतं.

तेव्हा आपा, तुमच्या भाचीची तारीख निघाली की मला कळवा. मी लांज्याहून येईन, मिळंल त्या गाडीनं. तुम्ही हळदीला जा, मेंदीला हात पुढं करा, निकाहला पहिल्या रांगेत बसा, वलीम्याला जेवा आणि मंग चार दिवस बहिणीशी गप्पा मारत नुसत्या पडून राहा. मधे एकदाही फोन करायचा न्हाई. दुकान मी उघडीन. कागद मी वाचीन, मीच टाईप करीन, आणि घरचं माणूस समोर बसवून मामाच्या नावापर्यंत सगळं मोठ्यानं वाचून दाखवीन.